लघवीची गोळी चालू असताना घरी नेमकं काय बघायचं? डोस, वेळ, पोटॅशियम आणि न उतरणारी सूज

पाणपोई

७३ वर्षांच्या रुग्णाची औषधं घरी सांभाळायची आहेत. पुरुष, हृदयाचं पंपिंग कमी. फ्युरोसेमाइड ४० मिग्रॅ सकाळी आणि स्पायरोनोलॅक्टोन २५ मिग्रॅ दुपारी, अशा दोन लघवीच्या गोळ्या. जोडीला रॅमिप्रिल ५ मिग्रॅ आणि अ‍ॅम्लोडिपिन १० मिग्रॅ, ही बीपीची औषधं. मधुमेह नाही. पाच आठवड्यांपूर्वीच्या रिपोर्टात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा आकडा) १.३, सोडियम १३३, पोटॅशियम ४.९. त्या दिवशी वजन ६४ किलो होतं आणि पायावरची सूज उतरलेली होती.

डॉक्टरांची पुढची भेट तीन आठवड्यांनी आहे. तोवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं मत आहे, म्हणून इथे विचारतेय.

सूज दिसली नाही की फ्युरोसेमाइड अर्धी आणि जास्त दिसली की दीड, असं रुग्ण स्वतःच ठरवतो. बाहेर जायचं असलं की सकाळची गोळी टाळतो आणि रात्री घरी आल्यावर घेतो. हे कितपत चालतं? पोटॅशियमसाठी एक जण केळी खायला सांगतो, दुसरा बंद करायला सांगतो. सोडियम कमी आलंय म्हणून जेवणात मीठ वाढवायचं का? खुर्चीतून उठताना अंधारी येते आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते या गोळ्यांमुळेच का? आणि इतकं सगळं घेऊनही संध्याकाळी घोट्यांवरची सूज राहतेच, तिचं काय करायचं?

औषधपेटी

आधी अर्धी-दीडचं बोलू, कारण घराघरांत सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते.

फ्युरोसेमाइड रक्तात फिरून काम करत नाही. ते मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये उतरतं आणि नळीच्या आतल्या बाजूने मीठ परत ओढून घेणारी यंत्रणा अडवतं. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं बहुतेक सगळं परत शोषून घेतात. फ्युरोसेमाइड जिथे काम करतं त्या भागात गाळलेल्या मिठापैकी जवळपास पाव हिस्सा परत घेतला जातो. म्हणून ही गोळी इतकी जोरकस. पण नळीत औषधाची पुरेशी मात्रा पोचेपर्यंत ती यंत्रणा अडतच नाही. उंबरठा असतो म्हणा ना. ४० मिग्रॅला पहिल्या दोन तासांत धो धो लघवी होत असेल, तर २० मिग्रॅला निम्मी होईल असा हिशेब इथे लागू पडत नाही. कदाचित जवळपास काहीच होणार नाही. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. यंत्रणा पूर्ण अडली की त्यापुढचं औषध लघवी वाढवत नाही, त्रास तेवढा वाढवतं. म्हणून एका डोसला चांगली लघवी होऊनही पाणी पुरेसं उतरत नसेल, तर डॉक्टर बहुतेक वेळा तो डोस फुगवण्याऐवजी दुपारी दुसरा देतात. अर्धी की दीड हा निर्णय पायाकडे बघून घरी घेण्यासारखा नाही.

दुसरी गोष्ट, परिणाम सहा तासांचा. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते एका तासात सुरुवात, पहिल्या-दुसऱ्या तासात जोर, सहाव्या तासापर्यंत ओसरलेलं. उरलेल्या १८ तासांत मूत्रपिंड गेलेलं मीठ भरून काढायला हपापलेलं असतं. त्या वेळेत खारट खाणं झालं, तर सकाळी बाहेर काढलेलं सगळं रात्रीपर्यंत परत आत. ‘गोळी लागूच पडत नाही’ या तक्रारीमागे फार वेळा हेच निघतं. आकड्यात सांगायचं तर शरीरातल्या एक लिटर जादा पाण्यात साधारण ९ ग्रॅम मीठ धरून ठेवलेलं असतं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, ही मर्यादा स्वयंपाकातलं, वरून घेतलेलं आणि पाकीटबंद खाण्यातलं असं सगळं मीठ धरून आहे. पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या गोळ्याही तपासा. त्यांत सोडियम भरपूर असतं, आणि ते कोणी मोजत नाही.

वेळेबद्दल. रात्री घेऊ नये याचं कारण साधं आहे. झोपमोड होते, आणि अंधारात घाईघाईने बाथरूमकडे जाताना वृद्ध माणूस पडतो. नितंबाच्या हाडाचं फ्रॅक्चर हा या गोळीचा दुष्परिणाम म्हणून कुठल्याच कागदावर लिहिलेला नसतो, पण तो असतोच. बाहेर जायचं असेल तर गोळी टाळायची नाही, सरकवायची. पहाटे सहाला घेतली तर दहापर्यंत मुख्य जोर संपतो. नाही तर परतल्यावर दुपारी घ्यावी, चार वाजेपर्यंत चालेल. त्यानंतर आठवली तर त्या दिवसाची सोडून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचीच एक. दोन एकदम कधीच नाही. आणि रोज एकाच पद्धतीने घ्या. भरल्या पोटी तिचं शोषण मंदावतं, म्हणून एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस भरपेट नाश्त्यानंतर असं केलं की परिणाम खालीवर होतो.

स्पायरोनोलॅक्टोनचा कारभार निराळा. तिचा परिणाम दोन-तीन दिवसांनी जाणवायला लागतो आणि बंद केल्यावरही दोन-तीन दिवस राहतो. ‘हिने लघवी होत नाही, मग कशाला घ्यायची’ म्हणून ती सोडून देणारे बरेच असतात. पंपिंग कमी असलेल्या हृदयासाठी ती पाणी काढायला म्हणून दिलेलीच नसते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेल्स’ चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये तिने मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी केलं होतं, तेही २५ ते ५० मिग्रॅ इतक्या छोट्या मात्रेत. त्याच चाचणीत सुमारे १० टक्के पुरुषांना छाती सुजणं किंवा दुखणं हा त्रास झाला. स्तनाग्राखाली हुळहुळं वाटलं तर लाजून गप्प बसू नये, डॉक्टरांना सांगावं. एप्लेरेनोन हा पर्याय आहे, त्यात हा त्रास फार कमी होतो.

आता वजन. सूज डोळ्यांना दिसेपर्यंत शरीरात बऱ्याचदा दोन-तीन लिटर पाणी साठून झालेलं असतं. वजनकाटा त्याच्या आधी सांगतो. रोज सकाळी उठल्यावर, लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत. काटा कडक फरशीवर, सतरंजीवर नाही. तारीख आणि आकडा वहीत. सूज नसतानाचं ६४ हे तुमचं ‘कोरडं वजन’ धरा. दोन-तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं, तर सूज दिसो न दिसो, फोन करायचा. आणि उलटही तितकंच महत्त्वाचं. ६४ चं ६२ झालं आणि जोडीला चक्कर असेल, तर पाणी गरजेपेक्षा जास्त निघतंय. एका दिवसात १ किलो कमी-जास्त म्हणजे साधारण १ लिटर पाणी. चरबी एका रात्रीत वाढत नाही आणि घटतही नाही. (बारीक होण्यासाठी या गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

रात्रपाळी

अंधारी आणि गोळे याबद्दल लिहितो.

अंधारी मोजता येते, अंदाज करत बसू नका. रुग्णाला पाच मिनिटं आडवं किंवा शांत बसवून बीपी घ्या. मग उभं करा, आणि उभ्यानेच पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला परत घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा १० ने उतरला, तर हे उभं राहिल्यावर पडणारं बीपी आहे. तिन्ही आकडे वेळेसकट लिहून डॉक्टरांना कळवा. ‘चक्कर येते’ एवढ्यावर त्यांना काही ठरवता येत नाही. ‘बसून १३०/७६, उभं राहून १०४/६४’ यावर लगेच ठरवता येतं. तोवर उठण्याची पद्धत बदला. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, टाचा आठ-दहा वेळा वर-खाली करायच्या, मग कशाला तरी धरून उभं राहायचं. फार गरम पाण्याची अंघोळ आणि लघवीच्या गोळीनंतरचा पहिला दुसरा तास या दोन गोष्टी एकत्र आणू नका.

पोटऱ्यांतले गोळे पाणी जास्त उतरल्यामुळे, पोटॅशियम, सोडियम किंवा मॅग्नेशियम कमी झाल्यामुळे येऊ शकतात. मॅग्नेशियम नेहमीच्या तपासणीत नसतं, मुद्दाम सांगावं लागतं. ते कमी असेल तर पोटॅशियम कितीही दिलं तरी टिकत नाही. तेव्हा गोळे आले म्हणून स्वतःच्या मनाने पोटॅशियमचं सिरप सुरू करू नका. तुमच्या रुग्णाचं पोटॅशियम ४.९ आहे, ते कमी नाहीच.

आता सोडियम, कारण इथे मोठी चूक होऊ शकते. १३३ म्हणजे किंचित कमी, १३५ ते १४५ हे नेहमीचं. पण सुजणाऱ्या रुग्णात सोडियमचा आकडा कमी येतो तो बहुतेक वेळा मीठ कमी पडल्यामुळे नाही, शरीरात पाणी जास्त झाल्यामुळे. रक्तातलं मीठ पातळ झालेलं असतं. अशा वेळी जेवणात मीठ वाढवलं तर आकडा सुधारत नाही, तहान वाढते, पाणी पोटात जातं आणि फुप्फुसात साठतं. मीठ वाढवायचं नाही. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते मात्र विचारून घ्या. मर्यादा सांगितली असेल तर ती बहुधा दीड ते दोन लिटरची असते, आणि तीत चहा, दूध, सूप, रसाळ फळं सगळं येतं. एका बाटलीत सकाळीच मोजून पाणी भरून ठेवलं की हिशेब सोपा जातो. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरणं किंवा बर्फाचा छोटा खडा चघळणं चालतं.

सोडियम आणखी उतरायला लागलं की घरच्यांना ते ‘म्हातारपण’ वाटतं: सुस्ती, मळमळ, बोलताना शब्द न सापडणं, चालताना झोक जाणं. दोन-चार दिवसांत माणूस असा बदलला तर त्याच दिवशी रक्त तपासा. १२५ च्या खाली गेलेलं सोडियम ही दवाखान्यात भरती करण्याची गोष्ट आहे.

थायझाइड गटातल्या गोळ्या, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड घेणाऱ्यांनी सोडियमकडे विशेष लक्ष द्यावं. सुरुवातीचे काही आठवडे सगळ्यात जोखमीचे, त्यातही सडपातळ वृद्ध स्त्रियांना. क्लोरथॅलिडोन अंगात दोन-तीन दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्रास झाल्यावर गोळी थांबवली तरी लगेच आराम पडत नाही. या गटाने यूरिक अ‍ॅसिड वाढून पायाचा अंगठा रात्रीत लालबुंद सुजू शकतो, साखर थोडी चढते, ऊन त्वचेला बाधतं. फ्युरोसेमाइडनेही यूरिक अ‍ॅसिड वाढतंच.

नोंदवही

पोटॅशियमच्या भांडणात दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या गोळ्यांबद्दल बोलतायत. फ्युरोसेमाइड आणि थायझाइड लघवीतून पोटॅशियम घालवतात. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अ‍ॅमिलोराइड, ट्रायअ‍ॅमटेरीन ते धरून ठेवतात. रॅमिप्रिलही धरून ठेवतं. तुमच्या यादीत एक घालवणारी आणि दोन धरणाऱ्या आहेत, शिवाय क्रिएटिनिन १.३, वय ७३. पारडं वरच्या बाजूला झुकलेलं आहे. ३.५ ते ५ हे साधारण प्रमाण, त्यात तुम्ही ४.९ वर. म्हणजे ‘लघवीची गोळी आहे, रोज दोन केळी खा’ हा सल्ला इतर कोणाला लागू असेल, या रुग्णाला नाही. अर्धं केळं खाल्लं म्हणून घाबरायचंही कारण नाही. मुद्दाम वाढवायचं नाही, एवढंच.

जास्त पोटॅशियमची भीती यासाठी की ते बहुतेक वेळा काहीच लक्षण देत नाही. दिलंच तर पायांत गळाठा, नाडी मंद होणं, छातीत धडधड चुकल्यासारखी वाटणं. मग हृदयाचा ठोकाच बिघडतो. त्यामुळे रक्त तपासणं याला पर्याय नाही. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पहिल्या आठवड्यात, मग चौथ्या आठवड्यात, पुढे काही महिने दरमहा आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी बघायची पद्धत आहे. ५.५ च्या वर गेलं की डॉक्टर सहसा मात्रा निम्मी करतात, ६ च्या वर गेलं की थांबवून ईसीजी काढतात.

क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणून घाबरून सगळं बंद करू नये. रॅमिप्रिलसारख्या औषधांबरोबर मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढ बहुतेक वेळा चालवून घेतात. १.३ वरून १.५ हे बघत राहण्यासारखं, १.३ वरून १.८ हे लगेच कळवण्यासारखं.

आणि एक विचारायचं राहिलं. घरात ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरता का? आणि दुखण्यासाठी अधूनमधून कुठली गोळी?

पाणपोई

सगळ्यांचे आभार. नोंदवही, तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर ‘हो’ आहे. मीठ कमी करायला सांगितलं म्हणून गेल्या महिन्यापासून कमी सोडियमवालं आणलं. पाकिटावर आता बघितलं, त्यात पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. आणि गुडघा दुखतो म्हणून चार दिवस डायक्लोफेनॅक ५० मिग्रॅ दोन वेळा चालू आहे, दुकानातूनच आणलेली. लघवीचं प्रमाणही दोन दिवस कमी वाटतंय. वजन आज ६५.४.

औषधपेटी

डायक्लोफेनॅकची पुढची गोळी देऊ नका आणि ते मीठ आजच बाजूला ठेवा. डॉक्टरांना आत्ता फोन करा, तीन आठवडे थांबण्याची ही वेळ नाही. पोटॅशियम, सोडियम आणि क्रिएटिनिन आजच, फार तर उद्या सकाळी तपासून घ्या. स्पायरोनोलॅक्टोनचा पुढचा डोस द्यायचा का, हेही याच फोनवर विचारा. धाप लागली, छातीत दुखलं, नाडी ५० च्या खाली गेली किंवा लघवी जवळजवळ बंद झाली, तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या.

कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या नावाची पेनकिलर येणार नाही. मूत्रपिंडात रक्त आत येणारी नळी असते आणि गाळून झाल्यावर बाहेर जाणारी नळी असते. गाळण्यासाठी मधे दाब लागतो. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे मुळात दाब कमी. रॅमिप्रिल बाहेरची नळी सैल करतं, दाब आणखी कमी. अशा वेळी मूत्रपिंड आत येणारी नळी ताणून उघडी ठेवतं आणि कसंबसं भागवतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब नेमकी तीच नळी आवळतात. तीन बाजूंनी मार बसतो आणि काही दिवसांत क्रिएटिनिन चढतं, पोटॅशियम चढतं, फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या त्या बारीक नळ्यांपर्यंत पोचत नाही, लघवी घटते, वजन वाढतं. तुमची ६५.४ ची नोंद आणि कमी झालेली लघवी याच वाटेने चाललेली दिसते.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन मात्रांमध्ये किमान सहा तास, आणि दिवसाला एकूण किती ते वजन आणि यकृत बघून डॉक्टरांना ठरवू द्या. फसफसणारी नको, साधी गोळी. गुडघ्यावर लावायचं जेल रक्तात फार कमी उतरतं, पण तेही या रुग्णाच्या बाबतीत विचारूनच.

यादीत आणखी काही नावं चिकटवून ठेवा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोट्रायमॉक्सझोल लिहून दिलं गेलं तर स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे हे आवर्जून सांगा, ही जोडी पोटॅशियम झपाट्याने वर नेते. लिथियम घेणाऱ्याला लघवीची गोळी, विशेषतः थायझाइड, सुरू झाली तर लिथियम रक्तात विषारी पातळीपर्यंत साठू शकतं. डिगॉक्सिन घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरलं तर डिगॉक्सिनच बाधतं. खोकल्यासाठी ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्याचं पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून ते सांगायचं राहून जातं.

उंबरठा

घोट्यांच्या सुजेबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. यादीत अ‍ॅम्लोडिपिन १० मिग्रॅ आहे, आणि माझा पहिला संशय त्याच्यावर.

अ‍ॅम्लोडिपिन रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या सैल करतं, परत नेणाऱ्या तितक्या सैल होत नाहीत. केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यांत उतरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे उतरलेलं असतं. म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज नीट उतरत नाही. उलट तिच्यासाठी फ्युरोसेमाइड वाढवत गेलं की सूज तिथेच राहते आणि माणूस कोरडा पडून चक्कर येऊन पडतो. १० मिग्रॅवर ही सूज ५ पेक्षा बरीच जास्त दिसते. एका औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, असं साखळीने वाढत जातं. प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिननेही अशी सूज येते.

फरक घरी ओळखायला थोडी मदत: अ‍ॅम्लोडिपिनची सूज दोन्ही घोट्यांवर, संध्याकाळी जास्त, रात्रभर पाय उंच ठेवून झोपलं की सकाळी कमी, आणि वजन हलत नाही. हृदयाच्या सुजेत वजन चढतं, जिना चढताना धाप लागते, उशा वाढवाव्या लागतात, रात्री गुदमरून जाग येते. (आज तुमच्याकडे वजनही चढलंय, म्हणून आजचा फोन घोट्यांच्या नावावर खपवू नका. पेनकिलरचं आधी.) एकाच पायाला सूज, पोटरी दुखरी आणि गरम, हे मात्र पूर्ण वेगळं. रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवायचं.

डॉक्टरांना थेट विचारा, ‘ही सूज अ‍ॅम्लोडिपिनची असेल का?’ मात्रा कमी करणं किंवा दुसरं औषध देणं त्यांच्या हातात आहे. स्वतः बंद करू नका, बीपी उसळेल.

रात्रपाळी

आजच्याच फोनवर आजारपणातल्या दिवसांबद्दलही विचारून ठेवा. जुलाब, वारंवार उलट्या, किंवा ताप येऊन खाणंपिणं सुटलंय अशा दिवशी फ्युरोसेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन आणि रॅमिप्रिल ही तिन्ही नेहमीसारखी चालू ठेवली तर मूत्रपिंडाला तोच मार बसतो. अशा वेळी ती तात्पुरती थांबवून, नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू करायची असं बरेच डॉक्टर सांगतात. पण हार्ट फेल्युअरच्या रुग्णात कुठली थांबवायची, किती दिवस, आणि जलसंजीवनी किती द्यायची (तिच्यात मीठ असतं) हे त्यांच्याकडून आधीच लिहून घ्या. जुलाब रात्री दोनला सुरू होतात, तेव्हा विचारायला कोणी नसतं. थांबवलेली गोळी परत सुरू करायची विसरणं हेही नेहमीचं आहे, म्हणून सुरू करायची तारीख त्याच कागदावर.

आणि डबीवर ‘लघवीची गोळी’ लिहू नका. दोन्ही लघवीच्याच आहेत, पण एकीने पोटॅशियम उतरतं आणि दुसरीने चढतं. पूर्ण नाव, मिग्रॅ आणि वेळ लिहा.

पाणपोई

रिपोर्ट आला. पोटॅशियम ५.८, क्रिएटिनिन १.७, सोडियम १३२. ईसीजी लगेच काढला, ठीक आहे. डायक्लोफेनॅक आणि ते मीठ बंद, स्पायरोनोलॅक्टोन थांबवलं आहे, रॅमिप्रिल निम्मं केलं. फ्युरोसेमाइड ४० तशीच, रोज पूर्ण, सकाळी सहाला. अ‍ॅम्लोडिपिन ५ वर आणलं, बीपी रोज लिहायला सांगितलंय. तीन दिवसांनी परत रक्त द्यायचं आहे. त्या वेळी काही काळजी घ्यायची का?

नोंदवही

हो, घ्यायची. रक्त काढताना दंडाला पट्टा बांधून मूठ उघडझाक करायला लावतात, त्याने स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. मूठ वारंवार आवळू नका, शीर सापडली की पट्टा सोडायला सांगा. बारीक सुईने ओढून काढलेल्या किंवा हिंदकळलेल्या नमुन्यात रक्तपेशी फुटतात, त्यानेही वाढतो. रिपोर्टाखाली ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा आहे का ते बघा. असेल तर तो आकडा धरायचा नाही, त्याच दिवशी नमुना परत द्यायचा. शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या, आणि कागदावर त्या दिवशीचं वजन आणि आदल्या तीन दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी लिहून न्या. दुकानातून आणलेलीसुद्धा.